सायबरवाल्यांशी ओळखी काढताना

चार माणसं नोकरी बदलायला निघाली की नोकरी मिळेल तेव्हा मिळेल, फजिती मात्र पहिल्या दिवसापासून जमा होते! आमच्या ग्रुपकडे चार वर्षांचा साठा आहे. दर रविवारी सकाळी सोलापुरातल्या एका इडलीगृहात आम्ही जमतो. सगळ्यांना एकच खूळ, सायबर सिक्युरिटीत जायचं. मी टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो. वय एक्केचाळीस. बायको म्हणते, "या वयात लोक गुडघे सांभाळतात!"

ग्रुपचे गुरू श्रीनिवासअण्णा. विणकरांच्या घरातला माणूस, आता पुण्याच्या कंपनीचं सिक्युरिटीचं काम घरूनच बघतो. त्यांचा नियम एकच. "ओळख झाली की लगेच नोकरी मागायची न्हाई. दोन-तीन वर्षं नुसती विचारपूस करायची."

मी आज्ञाधारक. एका मोठ्या सिक्युरिटी ऑफिसरचा नंबर मिळाला, त्यांना दसऱ्याच्या शुभेच्छा फॉरवर्ड केल्या. सोबत लिंक होती, "निळ्या बटणावर बोट लावा, सरप्राइज बघा!"

पाच मिनिटांत ब्लॉक!

अण्णा म्हणाले, "अरे, पोलिसाच्या घराचं कुलूप हलवून बघितलंस की!"

*

बिरू वळसंगचा. घरी मेंढरं, गावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान. एका रविवारी अण्णांनी खोटे मेसेज कसे ओळखायचे ते दोन तास शिकवलं. सोमवारी बिरूनं नव्या नंबरवरून सगळ्यांना मेसेज टाकला, "वळसंगच्या जत्रेत मटणाचं जेवण. खालच्या फॉर्मात नाव आणि ईमेलचा पासवर्ड भरा."

नऊ जणांपैकी आठ जणांनी भरला. सर्वांत आधी अण्णांनी! वर लिहिलं होतं, "दोघं येतोय. तिखट कमी."

पुढच्या रविवारी अण्णा तापलेच. "बाकी काय बी खोटं कर, बिरू. मटणाच्या बाबतीत माणसानं असं करू न्हाई!"

फॉर्म न भरणाऱ्या एकट्या शिवलीला मॅडम. अक्कलकोटच्या, कॉलेजात लॅब बघतात. आम्ही त्यांचं तोंड भरून कौतुक केलं.

"अय्यो, हुशारी कसली? मी मटण खात न्हाई!"

*

याच मॅडम पुण्याला सिक्युरिटीवाल्यांच्या संमेलनाला गेल्या. व्हिजिटिंग कार्डं छापली नव्हती, म्हणून शेंगाचटणीच्या चाळीस पुड्या नेल्या, प्रत्येकीवर नाव आणि नंबर. आम्ही पोट धरून हसलो.

सणावाराला त्या सगळ्यांची चौकशी करत राहिल्या. दीड वर्षानं एका कंपनीतून फोन आला, "चटणीवाल्या मॅडम ना? आमच्याकडं एक जागा आहे."

आज त्या तिथे टीम लीड आहेत. आम्ही हसायचं बंद केलंय. बिरू तर चटणीची रेसिपी मागतो.

*

माझी पाळी आली ती गेल्या महिन्यात. चार वर्षांत अण्णांनी पहिल्यांदाच माझं नाव कुठे पुढे केलं. मुलाखतीचे तिन्ही राउंड पार पडले. उरला फक्त नव्या कंपनीचा माझ्या सध्याच्या मालकांना चौकशीचा फोन. हे हुकलं असतं तर पुन्हा अण्णांना तोंड दाखवायची माझी हिंमत नव्हती. आणि मी नोकरी बदलतोय, हे शेठना सांगितलंच नव्हतं!

फोन आला तेव्हा मी शेठच्याच केबिनमध्ये प्रिंटर उघडून बसलो होतो. शेठनी सवयीप्रमाणे स्पीकर लावला.

"सर, तुमच्याकडच्या आयटीवाल्यांबद्दल विचारायचं होतं. आमच्याकडे अर्ज केलाय त्यांनी. माणूस कसा आहे?"

शेठनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मी प्रिंटरमध्ये डोकं घातलं.

"कसा म्हंजे? लई हेकट हाय! अकरा वर्षं झाली, कारखाना माझा, कॉम्प्युटर माझे, आन सर्व्हरचा पासवर्ड मला सांगत न्हाई! मेहुण्याला पाठवलं, तर त्याच्याकडनं अर्ज लिहून घेतला आन वर नामंजूर केला! जेवायला घालून विचारलं, तर जेवला आन गेला!"

पलीकडून लगेच आवाज आला, "सर, यांना लवकरात लवकर कधी सोडता येईल?"