शेवटचा निळा तुकडा

चर्चच्या खिडक्यांच्या रंगीत काचा म्हाताऱ्या काचवाल्याने जन्मभर सांभाळल्या. गारपिटीत खिडकीतल्या मेरीच्या झग्याची निळी काच फुटली, तेव्हा त्याच्याकडे तसल्या जुन्या काचेचा एकच तुकडा उरला होता आणि हातांना तर कंप सुटलेला.

"मामंजी, मी कापते," सून म्हणाली.

"काच म्हणजे कापड नव्हे, बाई! चुकलीस तर टाका घालता येत नाही."

"आणि तुम्ही चुकलात तर येतो वाटतं?"

म्हाताऱ्याने नाक मुरडत काच कापायची हिरकणी तिला दिली. तिने ती काचेवरून एका दमात ओढली. काच रेघेवर अलगद सुटली.

काच खिडकीत बसल्यावर त्याने तिच्यातून आत पडलेल्या उजेडात तळहात धरला.

"अगं, निळा रंग हलतोय!"

"हात हलतोय तुमचा."

म्हातारा खो खो हसला. हिरकणी त्याने परत मागितलीच नाही.