हाडावरची जहाजं

अशोकमामा गेल्याचा मामींचा फोन आला तेव्हा मी मालेगावच्या स्टँडवर नाशिकच्या गाडीची वाट पाहत होते. त्यांनाच भेटायला निघाले होते...

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. घरच्यांनी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात चिकटवायचं ठरवलेलं, तर हा माणूस मालवाहू जहाजावर खलाशी झाला. तिथं एका म्हाताऱ्या पोर्तुगीज सोबत्यानं त्यांना देवमाशांच्या शिकाऱ्यांची जुनी कला शिकवली. महिनोन्महिने समुद्रावर अडकलेले ते लोक देवमाशाच्या दातावर सुईनं जहाजं, घरं, बायका कोरायचे आणि रेघांत काजळी भरायचे. मामांनी मात्र देवमाशाचा दात कधी घेतला नाही. त्या बिचाऱ्याला समुद्रातच राहू दे, म्हणायचे. निवृत्तीनंतर नाशिकरोडच्या फ्लॅटच्या गॅलरीत ते म्हशीचं हाड उकळून, उन्हात वाळवून, पॉलिशपेपरनं घासून त्यावर कोरत बसायचे.

सोसायटीला ते खपलं नाही. बिल्डिंगमध्ये हाडं नकोत, म्हणून मीटिंग भरली. चेअरमननी समजुतीच्या सुरात सुचवलं की लाकडावर गणपती कोरा, आम्हीच विकत घेऊ. मामा उठले आणि शांतपणे म्हणाले, "मी समुद्रावर होतो. जे पाहिलं तेच कोरणार. आणि हाडं इथं प्रत्येकाच्या अंगात आहेत." दुसऱ्या दिवशी ते गॅलरीत नेहमीसारखेच बसले, फक्त खुर्ची रस्त्याकडे तोंड करून.

पुढे अर्धांगवायूनं उजवा हात गेला. मुलानं हत्यारं आवरून माळ्यावर टाकली; मामांनी ती परत काढायला लावली आणि डाव्या हातानं सुरुवात केली. रेघा थरथरायच्या. जहाज वाकडं होतंय, असं मी एकदा बोलून गेले.

"लाटेवर सरळ जहाज तू कुठं पाहिलंस?"

दहाव्यानंतर जवळच्या मंडळींनी ती सगळी हाडं गोदावरीत सोडायचं ठरवलं. इतकी वर्षं या उद्योगावर नाक मुरडणाऱ्या मामी उठल्या आणि आतून काजळीची डबी आणि एक गुळगुळीत तुकडा घेऊन आल्या. त्यावर काहीच दिसत नव्हतं. मामांनी रेघा ओढल्या होत्या, काजळी भरायची राहून गेली होती... मामींनी सगळ्यांदेखत बोटानं काजळी चोळली, पदरानं पुसली. एक वाकडंतिकडं जहाज वर आलं.

"हे हॉलमध्ये राहील. बाकीचीही घरातच राहतील," त्या म्हणाल्या.

आता तो तुकडा टीव्हीशेजारी असतो. चेअरमन भेटायला आले तेव्हा मामींनी तो त्यांच्या हातात दिला, आणि त्यांनी हस्तिदंताचा आहे का विचारल्यावर सरळ सांगितलं, "म्हशीचं हाड आहे. नीट धरा."