मडगार्डवरची जागा

हायवेवरच्या हॉटेलासमोर लालभडक रंग फासून एक जुना ट्रॅक्टर उभा केलाय. पाटीवर साल लिहिलंय, तेही माझ्या वडिलांच्या जन्माआधीचं! अहो, तेव्हाच्या मॉडेलचे दिवे कानांसारखे बाहेर असायचे. याचे पुढच्या जाळीत आहेत. मालकाला सांगितलं, तर हसून म्हणाला, "काका, जुनं म्हटलं की लोक फोटो काढतात. दिवे कोण बघतंय?"

मी बघतोय ना!

आमच्याकडे याच मॉडेलचा होता. आई डाव्या मडगार्डवर बसून शेतावर जायची. वर्षानुवर्षं बसून तिथला रंग उडाला, पत्रा चकाकायला लागला. याच्याही मडगार्डवरून मी हात फिरवला. पुट्टी भरून गुळगुळीत केलेलं. इथंही कुणाची तरी आई बसली असेलच. तिची खरी वर्षं पुट्टीखाली गाडली, आणि वर खोटं साल टांगलं.