गोदडीतली स्टेपनी

खाटेवर जुनं धोतर अंथरून सुखवंताबाई कोहळ्याच्या वड्या घालत होती. अर्धी खाट भरली होती, अर्धं पीठ पातेल्यात शिल्लक होतं, आणि फाटकाशी ओमेश्वरनं व्हॅनचा हॉर्न वाजवला.

“माय, चाल वं! ऊन चढून राहिलं.”

“वाजव अजून. साऱ्या गावाले कळू दे.” तिनं आणखी दोन वड्या सोडल्या आणि पातेलं उचलून नवऱ्यापुढं ठेवलं. “घ्या. बारीक बारीक घाला. भज्यासारख्या नोको.”

“मी?” हुकुमचंद म्हणाला.

“नाही तं का बैल घालन?”

हात धुऊन तिनं देवाजवळ दिवा लावला, नागऱ्याच्या महादेवाचा अंगारा पुडीत घेतला आणि पदराला गाठ मारली. आज पोरीला आणायचं होतं. चंचलचं पहिलंच बाळंतपण. सातवा महिना संपत आला होता. रविवारी आठवा लागत होता, आणि आठव्यात पोटुशीला घराबाहेर काढत नाहीत. नवव्यात प्रवास करू नका, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणजे आज आली तर आली, नाहीतर लेक नागपूरलाच बाळंत होणार.

तिरोड्याजवळच्या त्या गावात, २००६ सालच्या माघात, कुणाला गाडीनं लांब जायचं असलं की आधी सुखवंताबाईला विचारत. वरातीची जीप असो की अस्थी घेऊन निघालेली मेटॅडोर, काय न्यावं ते ती सांगायची. ओकारी होणाऱ्याला लिंबू हुंगायला द्यावं, ओली फडकी वेगळी ठेवावी, म्हाताऱ्याच्या पायाखाली उशी द्यावी, पाण्याचा डबा हाताला येईल असा असावा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणी बापाच्या बैलबंडीतून ती मंडईला, जत्रेला हिंडली होती. बंडीत खाली भाताच्या पेंढ्याची तनीस पसरायची, वर गोदडी टाकायची, आणि त्यावर पोरं झोपून जायची. तिच्या लेखी मोटार म्हणजे पेट्रोलवरची बंडीच. गाडी चांगली की वाईट, ते ती बुडाखाली काय आहे यावरून ठरवायची.

गेल्या वर्षी हुकुमचंदनं जुनी मारुती व्हॅन घेतली तेव्हापासून तिनं त्या गाडीचा संसार मांडला होता. गोंदियाच्या बाजारात जाऊन काचेला चिकटणाऱ्या काळ्या जाळ्या आणल्या. दुकानदार खुशबूची बाटलीही गळ्यात मारत होता. “ले जाओ अम्मा, गाडी महकेगी.” ती म्हणाली, “महकेगी और पोरगी उलटी करेगी. वो पंखा दिखाओ.” मग डॅशबोर्डावर बसणारा छोटा पंखा घेतला. जुन्या लुगड्याचे पडदे शिवून दोरीवर ओवले. थर्मास, टॉर्च, दोरी, प्लॅस्टिकच्या पन्न्या, सारं एका पिशवीत घालून ती पिशवी ड्रायव्हरच्या सीटमागं टांगली. बाकी राहिली होती ती चंचलला आडवं पडायची जागा. मागची सीट पाडली तरी गादी पुरी पसरेना, कारण मागच्या दाराशी स्टेपनी उभी होती.

“काढ तिले,” काल संध्याकाळी ती ओमेश्वरला म्हणाली होती.

“अवं माय, स्टेपनी असू देवा लागते. टायर पंक्चर झालं तं?”

“बंडीले कोणी तिसरं चाक घेऊन जात होतं का रे? पोरगी बसून येईन का एवढ्या दूर? काढ म्हटलं ना.”

आईपुढं ओमेश्वरचं काही चालत नव्हतं. स्टेपनी पडवीत गेली. तिथं सुखवंताबाईनं तिच्यावर सूप पालथं घातलं, आणि गादी व्हॅनमध्ये ऐसपैस पसरली.

तुमसर, भंडारा करत ते दुपारी नागपूरला पोचले. चंचल दारातच उभी होती. तिचं सामान बांधून तयार होतं. विहीण शामकलाबाईनं चहा दिला, सुनेच्या डोक्यात फूल माळलं, ओटीची तयारी केली. सारं ठीक चाललं होतं. तेवढ्यात व्याही भैय्यालाल उठून गाडी पाहायला गेले.

भैय्यालालनं जन्मभर एस.टी. चालवली होती. रिटायर झाले तरी रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या चाकांकडं त्यांची नजर जायचीच. त्यांनी पडदे पाहिले, पंखा लावून पाहिला, पिशवीत हात घालून टॉर्च पेटवली आणि “वा” म्हणाले. सुखवंताबाईला बरं वाटलं. मग त्यांनी मागचं दार उघडलं.

“स्टेपनी कोठं आहे?”

ओमेश्वरनं आईकडं पाहिलं. “ते... काकाजी, पंक्चरवाल्याजवळ दिली आहे. परवाच—”

“खोटं नोको सांगू,” सुखवंताबाई म्हणाली. “मी काढाले लावली. गादीले जागा नोहोती.”

भैय्यालालनं दार हळूच लावलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर तिला उत्तर देता आलं असतं.

“समधीनबाई, तुमी सारं आणलं. लिंबूसुद्दा आणलं. पण बिना स्टेपनीच्या गाडीत मी सून नाही पाठवत. रस्त्यात पंक्चर झालं आणि अंधार पडला, तं कोणाले हाका मारान?”

“नागऱ्याच्या महादेवाचा अंगारा लावला आहे गाडीले.”

“महादेव पंक्चर काढत नाही ना, बाई.”

“त्याच्याजवळ नंदी आहे,” शामकलाबाई आतून म्हणाली. “त्याले स्टेपनीचं काम नाही पडत.”

ओमेश्वर हसला. चंचल हसली नाही. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती, गठुडं पायाशी.

ते गठुडं पाहिलं आणि सुखवंताबाईच्या तोंडावर आलेलं उत्तर तिथंच राहिलं. तिच्या पहिल्या खेपेला तीही अशीच सासरच्या दारात गठुडं घेऊन उभी होती. बाप न्यायला येणार होता. सकाळ गेली, दुपार गेली, शेजारणी विचारून गेल्या, “काऊन वं, आला नाही का तुहा बाप?” बाप नदीच्या पलीकडंच अडकला होता. चाकाची लोखंडी धाव निखळून आरे मोडले होते, आणि दुसरं चाक कुणाकडं नव्हतं. मग सातवा महिना सरला, आणि ओमेश्वर सासरीच झाला. सासूनं काही कमी केलं नाही. पण कळा येत होत्या तेव्हा उशाशी आपलं माणूस नव्हतं. बापाला तिनं कधी बोल लावला नाही. बंडीत सारं होतं, तनीस होती, गोदडी होती. चाक तेवढं नव्हतं.

“बरोबर आहे तुमचं,” ती व्याह्यांना म्हणाली. “माही चूक झाली. आता काय करावं ते तुमीच सांगा. रविवारी आठवा लागते.”

भैय्यालाल या उत्तरासाठी तयार नव्हते. भांडण होईल या हिशेबानं त्यांनी बाह्या सारल्या होत्या. ते घुटमळले, चप्पल घातली आणि शेजारच्या बकारामच्या अंगणात गेले. बकारामची व्हॅन याच जातीची होती आणि कधीची एका जागी उभी होती. थोड्या वेळानं व्याही आणि बकाराम दोघं स्टेपनी गडगडवत आले. भैय्यालालनं ती दोनदा आपटून पाहिली, मग म्हणाले, “टणक आहे. चाल, ठेव.”

आता स्टेपनी आली तर गादी मावेना. ओमेश्वरनं उभी केली, आडवी केली, घाम पुसला. “म्हणून तं काढली होती ना,” तो पुटपुटला.

“सरक तिकडं.” सुखवंताबाईनं स्टेपनी सपाट आडवी पाडायला लावली, आपण आणलेली गोदडी तिच्याभोवती गुंडाळून दोरीनं करकचून बांधली, आणि गादीचं एक टोक दुमडून तिच्यावर चढवलं. डोक्याकडची बाजू उंच झाली.

“बस वं चंचल. टेकून पाह्य.”

चंचल चढली, टेकली, पाय लांब केले. “माय, असंच बरं वाटते. सपाट पडलं का छातीत जळजळ होते मले.”

“हे कधी सांगतलं तूनं?”

“तुमी दोघी विचारता कुठं? तुमी सांगूनच राहता,” ती म्हणाली, आणि दोघी विहिणी एकमेकींकडं पाहू लागल्या.

शामकलाबाईनं गाडीतच सुनेची ओटी भरली. उरलेले चार तांदूळ तिनं गोदडीवर टाकले. “हिचीबी भरून घ्या. एवढी नटवली आहे तं.”

“सांभाळून जा गा,” भैय्यालाल ओमेश्वरला म्हणाले. “खड्डा दिसला का आधीच हळू कर. घाई नोको.”

वाटेत काहीच झालं नाही. पंखा फिरत राहिला, पडदे उडत राहिले, भंडाऱ्याच्या पुढं चंचलला झोप लागली. सुखवंताबाई तिच्या पायाशी बसून नामस्मरण करत होती, आणि प्रत्येक गचक्याला तिचा हात पोरीच्या पोटाकडं जात होता.

दिवे लागायच्या वेळी गाडी अंगणात शिरली. पोरीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. खाटेवर वड्या होत्या. उरलेल्या अर्ध्या खाटेवरच्या प्रत्येकी लाडवाएवढ्या.

“या वाळतीन कधी, पोळ्याले?” सुखवंताबाई म्हणाली.

“पीठ संपवलं ना पण,” हुकुमचंद म्हणाला.

ओमेश्वर गोदडी सोडत होता. “पाह्य माय, पंक्चर नाही का काही नाही. फुकटच आणली लोकाची.”

पडवीत जाऊन तिनं घरच्या स्टेपनीवरचं सूप उचललं आणि व्याह्यांनी आपटली होती तशी ती उभी करून आपटली. धप्प असा आवाज झाला आणि स्टेपनी तिथंच बसली. अंगठ्यानं दाबली तर रबर आत गेलं. गाडी घेतली तेव्हापासून तिच्यात कुणी हवा घातली नव्हती.

“ओम्या,” ती म्हणाली, “हे नेली असती तं काय उपेग होता रे?”

ओमेश्वरनं मान खाली घातली. हुकुमचंदही वड्यांकडं पाहू लागला.

उद्या सकाळी देवपूजा आटोपली की तिला ओमेश्वरसोबत तिरोड्याला जायचं होतं, घरच्या स्टेपनीत हवा भरून आणायला.