न उडणाऱ्या विमानाचे पंख

माझ्या मामाच्या ओळखीपाळखीत एखादं कार्य सुरळीत पार पडलं असेल, तर ते केवळ तो तिथे नव्हता म्हणून. दौंडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जन्म काढलेला, विमानात एकदाही न बसलेला हा माणूस लढाऊ विमानांवर असा तावातावाने बोलतो की ऐकणाऱ्याची भाकरी गार होते. ताटात पापड आला की त्याचा त्रिकोण मोडून विचारणार, "ह्यो पंख कशासाठी? येगासाठी! पर हळू चालवलं की रुसतोय." वरवंडला दोघा भावांच्या बांधाच्या भांडणात मध्यस्थीला गेला आणि म्हणाला, "दोन इंजिनं लांब लांब बसवली आन् एक बंद पडलं, की इमान एका अंगाला वढतंय. जवळ ऱ्हावा!" भावांचा समेट झाला तो एकाच मुद्द्यावर, की याला पुन्हा बोलवायचं नाही. आजोबांच्या दहाव्याला तर कहर केला. कावळा एकदाचा पिंडाजवळ उतरत होता, तेवढ्यात हा हात पसरून ओरडला, "बघा, उतरताना पंख कसा फाकवला!" कावळा गेला तो गेलाच. आईने कित्येक दिवस अबोला धरला, आणि योग्यच केलं.

त्याचा सगळ्यात लाडका विषय म्हणजे लढाऊ विमानाचा तोल. "परवाशी इमान थिर असतंय, म्हनून सावकाश वळतंय. लढाऊला झटक्यात वळायचं असतंय, म्हनून त्याला मुद्दाम डळमळीत करत्यात आन् आतला कॉम्प्युटर सारखा सावरत ऱ्हातोय. डळमळतंय म्हंजी वाईट न्हाई!" वडील गेल्यावर मी याच मामाच्या घरी वाढले, त्यामुळे हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं.

आणि याने काय केलं? माझ्या लग्नात, तळेगाव ढमढेऱ्याच्या कार्यालयात, मुहूर्त जवळ आला. भटजींनी पुकारा केला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मामाचा पत्ता नाही. नवऱ्याचाही नाही. नवरदेव पिकअपवर बांधलेल्या प्लायवूडच्या लढाऊ विमानातून आले होते, आणि मामा फाटकात आडवा उभा होता. का, तर पंख फार पुढे लावलेत आणि शेपटीवर मित्र बसलेत, नाक वर जाईल!

ड्रायव्हर काकुळतीला आला, "मामा, हे उडायचं न्हाई हो!"

"उडायचं न्हाई म्हनून पंख कुठंबी लावायचं व्हय?"

संताप संताप झाला माझा. आयुष्यात एकदा मागे उभं राहायचं होतं, तेवढंही जमू नये! त्यात कुणीतरी सुचवलं, आत्याच्या यजमानांना उभं करा. ते ऐकलं आणि मला रडूच फुटलं.

शेवटी आई फाटकात गेली. एवढंच म्हणाली, "दादा, पोरगी उभी हाय."

मामा धावत आला, मागोमाग विमानातून उतरून नवरदेवही. मला बोहल्यावर नेलं, मागे उभा राहिला, धापा टाकत खांद्यांवर हात ठेवले. माझे पाय लटपटत होते, रागानेच म्हणा. कानाशी पुटपुटला, "डळमळू दे. मी हाय मागं." मंगलाष्टकं संपली आणि त्याने हात काढून घेतले. विमान तेवढ्यात फाटकातून आत आलं होतं. पडलं वगैरे काही नाही.

अजून दौंडवरून माझ्या सासरच्या तळेगावाकडे जेट गेलं की त्याचा फोन येतो, पंख कसे होते म्हणून. मी वर बघितलेलंच नसतं. काहीतरी ठोकून देते, आणि तो भडकतो. हल्ली भडकताना त्याला धाप लागते, मध्येच थांबावं लागतं. तो पुन्हा सुरू होईपर्यंत मी फोन ठेवत नाही.