आकडा एकेचाळीस

नत्थूलाल राहांगडाले गोंदियाच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचा अटेंडंट होता. मूळचा दरेकशाचा. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, धानाची शेती भाऊ बघायचा. म्हणजे गावाकडे त्याच्यावाचून काही अडत नव्हतं. लॅबमध्येही अडत नव्हतं म्हणा. सकाळी कुलूप उघडायचं, दिवसभर पोरांनी पळवलेले माउस शोधायचे, संध्याकाळी कुलूप लावायचं. बारा वर्षांत किल्लीखेरीज त्याच्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं.

२००७ साली शेवटच्या वर्षाला ओमेश्वरी पटले नावाची मुलगी होती, आमगावची. बाकीची मुलं नागपुरातून तयार प्रोजेक्ट विकत आणून, वर आपलं नाव टाकून मोकळी झाली. हिला मात्र स्वतःचं काही करायची हौस. पाचनंतर मुलगी लॅबमध्ये बसणार तर अटेंडंटने थांबायचं, असा नियम होता, म्हणून नत्थूलाल दाराशी स्टूल टाकून बसू लागला. चौथ्या दिवशी त्याला राहवलं नाही.

"बेटा, तू करून काय राहिली?"

आणि तिनं चक्क सांगितलं.

"काका, आपण लिहितो ते मशीनले समजत नाही. मधात एक दुभाष्या लागते, त्याले कंपायलर म्हणतात. तो दुभाष्याच चुकला तर? म्हणून माझा प्रोग्राम आपल्या मनानं येडेवाकडे प्रोग्राम लिहिते. शहाणा माणूस कधी लिहिणार नाही असे. तेच दोन कंपायलरले द्यायचे. दोघांचं उत्तर सारखं आलं तर ठीक. वेगळं आलं, तर एक जण खोटं बोलून राहिला."

चार महिने रोज ती सांगायची आणि हा ऐकायचा. त्याला निम्मं कळायचं, पण कुणीतरी आपल्याशी बोलतंय याचंच त्याला अप्रूप. चार महिन्यांत उत्तरं एकदाही वेगळी आली नाहीत. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, "यात लॉगिनचं पान कुठे आहे?" असं विचारलं आणि पास होण्यापुरते मार्क दिले. असले परीक्षक कुठून धरून आणतात कोण जाणे. ओमेश्वरी त्या दिवशी रडली. महिन्याभरात तिला पुण्यात नोकरी लागली. जाताना ती म्हणाली,

"काका, रोज एक आकडा टाकत जा जी. कोणताही. मशीन त्याच्यावरून पाचशे प्रोग्राम बनवते. 'सेम' आलं तर आकडा वहीत लिहून ठेवा. 'डिफरंट' आलं तर मले फोन करा. मी येतो."

निघताना माणूस काहीबाही बोलतो. नत्थूलालने ते शब्दशः धरलं.

पहिल्या दिवशी त्याने तिचाच रोल नंबर टाकला, एकेचाळीस. सेम. मग गाड्यांचे नंबर, ट्रकांचे नंबर, राइस मिलच्या पाटीवरचा फोन. सेम, सेम. "काऊन नत्थूलाल, आज कोणता आकडा लावला?" असं शिपाई घनश्याम सट्टा समजून डोळा मारायचा. लोडशेडिंगने मशीन मध्येच बंद पडलं तर हा लाइट येईपर्यंत बसून राहायचा. घरी तरी कोण वाट बघत होतं?

दर दिवाळीला ओमेश्वरी महाराष्ट्र एक्स्प्रेसने गोंदियाला उतरायची आणि आमगावची गाडी पकडून पुढे जायची. स्टेशनपासून कॉलेज ऑटोने दहा मिनिटं. नत्थूलाल इस्त्रीचा शर्ट घालून सुट्टीतही लॅब उघडायचा. तीन दिवाळ्या गेल्या. ती आली नाही. त्याला ते लागायचं, पण तिच्यावर रागावणार तरी कोणत्या नात्याने?

२०१० च्या दिवाळीआधी त्याने फोन लावला.

"डिफरंट आला, बेटा."

"काका! खरंच? कोणता आकडा?"

"एकेचाळीस." तोंडात आला तोच आकडा.

ती खरंच आली. थेट स्टेशनवरून, बॅग खांद्यावर, रात्रंदिवसाच्या प्रवासाने केस विस्कटलेले, आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. प्रोजेक्टमधले ते दोन जुने कंपायलर त्याच मशीनवर होते, म्हणून तिने दोन दिवस आधीची रजा काढली होती, ऑफिसात सगळ्यांना सांगून. ती मशीनपुढे बसली.

"आता काही तो येणार नाही," नत्थूलाल घाईने म्हणाला. "मशीन मनानंच लिहिते ना. तवा आला, गेला."

"नाही काका. दिसते मनानं, पण तोच आकडा टाकला की तेच पाचशे प्रोग्राम येतात, अक्षरन् अक्षर. म्हणून तर तुमाले आकडा लिहाले सांगतला."

हे मात्र चार महिन्यांत त्याला कळलं नव्हतं. तिने एकेचाळीस टाकला. तो स्टुलावर बसला.

सेम.

तिने पुन्हा एकेचाळीस टाकला. सेम. मग तिने वही ओढली आणि पहिल्या पानापासून चाळली. तीन वर्षं. रोज एक ओळ. एकेचाळीसपुढे 'सेम' खोडून वर 'डिफरंट' लिहिलेलं.

"खोटं काऊन बोल्ले, काका?"

"तू येत नव्हती."

"मंग नुसतं ये म्हणाचं ना!"

"कामाशिवाय कोणी येते काय, बेटा?"

तिला राग आला होता आणि रडूही. ऑफिसात आता काय सांगायचं, हेही डोक्यात असणारच. तिने पेन घेतलं, 'डिफरंट' खोडून 'सेम' लिहिलं आणि खाली सही केली. दोघांनी घनश्यामकडून आणवलेला चहा घेतला. पुण्याचं पाणी कसं आहे, भाडं किती आहे, असलं दोघं बोलले. तिने "पुढच्या वेळी येतो" म्हटलं नाही, बरंच केलं. तो तिला फाटकापर्यंत सोडून आला.

दुसऱ्या दिवशी नत्थूलालने लॅब उघडली. मशीनने आकडा मागितला. नवा आकडा शोधायला तो रोजच्यासारखा रस्त्यावर गेला नाही. त्याने एकेचाळीसच टाकला.

तेच पाचशे प्रोग्राम आले, अक्षरन् अक्षर. सेम. त्याने वहीत लिहिलं, आणि मग उगाच एकदा फाटकापर्यंत जाऊन आला.