बोक्याची किंकाळी

पडदा वर जातो. विंगेच्या काळोखात एक लोखंडी ट्रंक उघडी पडलेली. शेजारच्या स्टुलावर पासष्टीची बाई, मांडीवर पत्रा, पायाशी वाळूचा ट्रे, रबरी हातमोजे, सायकलचा भोंगा आणि चेपलेली पातेली. समोर मायक्रोफोन. पलीकडच्या सभागृहात आठशे माणसं. एंट्रीपूर्वी कसलेल्या नटाचा चेहरा दगडासारखा होतो, तसा तिचा झालेला.

तिला धडामबाई म्हणत. ऐन पंचविशीत ती कार्टूनच्या स्टुडिओत आवाज काढायला लागली. एक लठ्ठ बोका आणि त्याला जन्मभर नाचवणारं एक बदक. बदकाचं चालणं म्हणजे ओला हातमोजा, बोक्याचं डोकं म्हणजे पातेलं, आणि कड्यावरून पडतानाची किंकाळी म्हणजे खुद्द धडामबाईचा गळा. त्या किंकाळीचं मर्म तिनंच शोधलं होतं. कडा संपला तरी बोका हवेत धावतो, थांबतो, खाली बघतो, मग आपल्याकडे बघतो. तेवढा एक सेकंद, चोवीस चित्रं, चिडीचूप. आणि मग किंकाळी. सेकंद चुकला तर हसू मेलं.

कार्टूनच्या सुरुवातीच्या पाट्यांवर मात्र नाव झळके साहेबांचं. साहेब म्हणजे दिग्दर्शक. एकदा धीर करून तिनं विचारलं, "साहेब, किंकाळीपुढे माझं नाव टाकाल का?"

साहेब सगळ्यांदेखत हसले. "अहो, दारात शेपूट सापडली की कुठलंही मांजर ओरडतं. त्याला काय कला म्हणायचं?"

पुढच्या महिन्यात तिला नारळ मिळाला. पण ध्वनिमुद्रित किंकाळी साहेबांकडेच राहिली, आणि त्यांनी ती पुढच्या चाळीस कार्टूनांत वापरली. बाई घरी, किंकाळी नोकरीवर! शेजारच्या खिडकीतून टीव्हीवर ती ऐकू आली की धडामबाई हातातलं लाटणं खाली ठेवायची. एक सेकंद. मग पुन्हा पोळी लाटायची.

आज साहेबांचा सत्कार होता. पहिल्या कार्टूनची ध्वनिपट्टी कुजून गेलेली, म्हणून आवाज जागेवरच काढायचे होते. स्टुडिओतल्या एका जुन्या संकलकानं व्यवस्थापकाला तिचा पत्ता दिला. आत कोण बसणार, हे साहेबांनी विचारलंसुद्धा नाही. आवाजवाल्यांची नावं विचारायची त्यांना सवयच नव्हती.

"मावशी, इतक्या वर्षांनी जुनं कशाला उकरतेस?" ट्रंक उचलून आणणारी भाची कुजबुजली.

"मी कुठं उकरतेय? मी पत्रा आणलाय फक्त."

बाहेर साहेब भाषणात रंगले होते. "ती किंकाळी, मंडळी, या गळ्यातून निघालीय. घसा सोलून निघायचा!" टाळ्या कडाडल्या. साहेब मंचावरच्या खुर्चीत विसावले, दिवे मालवले, कार्टून सुरू झालं.

धडामबाईनं जीव ओतला. मोजे पचपचले, पातेली कोकलली, लोक पोट धरून हसले. चाळीस वर्षांत हात एवढाही विसरला नव्हता. मग कडा आला. बोका हवेत धावला, थांबला, खाली बघितलं, लोकांकडे बघितलं. एक सेकंद.

धडामबाईनं हात मांडीवर ठेवले आणि ओठ मिटले.

बोका तोंड वासून मुक्यानंच कोसळला. आठशे गळ्यांतलं हसू तिथंच अडकलं. गोंधळलेल्या ऑपरेटरनं चित्र थांबवलं. बोका अधांतरी लटकला.

स्पीकरमधून आवाज आला, "साहेब, बोका पडतोय. किंकाळी तुमची ना? येऊ द्या."

लोकांना वाटलं, कार्यक्रमातच आहे. "होऊन जाऊ द्या!" कुणीतरी ओरडलं. टाळ्यांनी ताल धरला.

"वय झालं आता," साहेब ओशाळून म्हणाले.

"माझंही झालंय की. आणि दारात शेपूट सापडली की कुठलंही मांजर ओरडतं, असं तुम्हीच म्हणाला होतात."

साहेबांनी आवाज ओळखला. चेहरा उतरला. पण आठशे माणसं वाट बघत होती. ते उठले, छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं. फुग्यातून हवा सुटावी तसा बारीक चिरका सूर निघाला.

सभागृह हशानं फुटलं. तो निवतोय न निवतोय तोच विंगेतून खरी किंकाळी आली. लांब, थरथरती, टोकाला पोचून मोडणारी, लहानपणापासून सगळ्यांच्या कानात बसलेली. लोक विंगेकडे तोंड करून उभेच राहिले.

साहेब लगबगीनं निघाले. धडामबाईनं हातमोजे उचलले. पहिलं पाऊल, पच. दुसरं, पच. साहेब थबकले, पचपच थबकली. ते धावले, पचपचही धावली. दारापर्यंत एक पाऊल चुकलं नाही. शेवटी दार आपटलं, तेव्हा तिनं पत्रा हलवून ढगांचा गडगडाट केला.

टाळ्या थांबेनात. ट्रंक आवरताना भाचीचं हसूही थांबेना, पण मन हळवं. "म्हातारा आहे गं बिचारा. माफ करून टाकायचं होतंस."

"केलं की," धडामबाई ट्रंकेची कडी लावत म्हणाली. "पण जमिनीवर आपटल्यावर. हवेत असताना माफ केलं तर हसू येत नाही."